लातूरचा घोडेबदल

घोड्यावर बसायला शिकवा म्हणून जो येतो तो आधी फोटो काढतो. याला अपवाद मी फार थोडे पाहिले. एकदा नगरपालिकेला उभे राहणारे एक गृहस्थ आले. त्यांना मिरवणुकीत घोड्यावरून जायचं होतं. म्हणाले, "चाचा, पळवायचा न्हाई. नुसता उभा ऱ्हायला पायजे." मी म्हटलं, "साहेब, घोड्याला सगळ्यात अवघड काम तेच." त्यांना तो विनोद वाटला. मिरवणुकीत कार्यकर्त्यांनी जयजयकार केला तेव्हा घोडा त्यांना घेऊन सरळ धान्याच्या मोंढ्यात गेला आणि सरकीच्या पोत्यांपाशी थांबला. ते निवडून आले, ही गोष्ट वेगळी.

देगलूरहून एक म्हातारे यायचे. त्यांना बसायचं नसायचं, शिकायचंही नसायचं. लहानपणी घरी घोडं होतं म्हणे. घोड्याचा वास घ्यायचे, तासभर पागेत बसायचे आणि बसनं परत जायचे. अशा गिऱ्हाइकाकडून काय घ्यायचं? चहा मीच पाजायचो.

माझा जन्म कंधारचा. वडील नालबंद, म्हणजे घोड्याबैलांच्या खुरांना नाल ठोकणारे. नांदेडला टांगे होते तोवर आमच्या घरात हातोडीचा आवाज थांबत नसे. टांगे गेले, रिक्षा आल्या, आणि रिक्षाला नाल लागत नाही. मी मात्र घोड्यांतच राहिलो. लातूरकडच्या एका निवासी शाळेत मुलांना घोडेस्वारी शिकवायचं काम मिळालं, तिथंच केस पिकले. निवृत्त झाल्यावर नांदेडच्या बाहेर, लोह्याच्या रस्त्याला थोडी जागा भाड्यानं घेतली. चार जनावरं, पत्र्याची पागा, पाण्याचा हौद आणि दगड वेचून केलेलं मैदान. गुडघ्यानं रजा मागितल्यापासून मी स्वतः बसत नाही. मध्ये उभा राहून नुसता बोलतो. या धंद्यात त्यालाच शिकवणं म्हणतात.

त्या वेळी माझ्याकडं बिजली नावाची एक घोडी होती. तांबड्या रंगाची, अंगानं बेताची, कपाळावर पांढरा ठिपका. कंधारच्या रज्जाकभाई बँडवाल्याकडून मी ती घेतली होती. बरीच वर्षं तिनं वराती केल्या होत्या. नाव बिजली असलं तरी तिच्यात चपळाई कसलीच नव्हती. वरातीच्या घोडीला चपळाई नको असते. पाच पावलं चालायचं, थांबायचं, पोरं नाचेपर्यंत उभं राहायचं, पुन्हा पाच पावलं. तेच तिच्या हाडात मुरलेलं. शिवाय वरातीवाले घोडी नाचवतात. नाचवायची युक्ती सोपी आणि वाईट आहे. तोंडात काटेरी लगाम घालायचा आणि ओढायचा. तोंड दुखलं की जनावर मान वर घेतं, पुढचे पाय उचलतं, जागच्या जागी थयथय करतं. लोक म्हणतात, काय नाचती बघा!

बिजलीच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याचे वण होते. चामडी घट्ट होऊन पांढरट झालेली. मी तिला काटे नसलेला, मऊ लगाम घातला. पण कुणी थोडं जरी ओढलं तरी ती थांबायची आणि पाय उचलायची. म्हणून मी तिला शिकाऊ मुलांना देत नसे. शिकाऊ माणूस घाबरला की पहिल्यांदा लगामच ओढतो.

एका रविवारी एक गृहस्थ स्कूटरवरून आले, मागं मुलगी. नाव गौतमराव. पाटबंधारे खात्यात नोकरी, गाव हदगावकडचं, आता नांदेडलाच घर. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुलगी आठवीत, संघमित्रा. तिनं फोटो काढला नाही. मी विचारलं, "का शिकायचं घोडा?" ती बापाकडं बघायला लागली. गौतमराव म्हणाले, "तिला हौस हाय. दोन वर्षं झाली, मागं लागून राहिली."

"तिला बोलू द्या की."

"ती बोलत न्हाई जास्त."

खरंच बोलत नव्हती. विचारलं तेवढं सांगायची, तेही पुटपुटल्यासारखं. पहिले काही रविवार मी कुणालाच घोड्यावर बसू देत नाही. खरारा करायचा, खूर उचलून त्यातली माती काढायची, लीद भरायची. निम्मी मुलं इथंच गळतात, आणि गळतात ते बरंच. ही गळली नाही. उलट मी सांगितलेलं नसताना तिनं बिजलीचा खरारा करायला घेतला. का तेच जनावर निवडलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

बसायला लागली तेव्हा पाहिलं तर पोरीचा हात फार हलका. लगाम धरलाय की नाही असं वाटावं. हात असा हलका असणं शिकवता येत नाही. जड हात थोडा हलका करता येतो, इतकंच. मी तिला बिजलीवर बसवलं. लगाम ढिला, काम सगळं बैठकीनं आणि पायानं. घोडी तिच्याखाली निमूट चालायला लागली. कुणी तिचं तोंड धरलं नाही, असं बिजलीच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा घडत असावं.

पण एक अडचण होती. संघमित्रा घोडीला काही सांगतच नव्हती. घोडी चालली तर चालली, कोपऱ्यात थांबली तर हीपण थांबली. मी मधून ओरडायचो, "अगं, तिला सांग! तू सांगितल्याशिवाय तिला कसं कळेल?" ती ओठ हलवायची. "चल" म्हणत असावी. मला ऐकू यायचं नाही, मग घोडीला काय येणार?

शेवटी मी तिला मैदानाच्या त्या टोकाला उभं केलं. गौतमराव हौदाच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले. म्हटलं, "इथून बाबांना हाक मार. त्यांनी मान वर केली की मग घोडी मिळंल." पहिली हाक त्यांच्यापर्यंत गेलीच नाही. दुसरीही नाही. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम "बाबा!" असा आवाज निघाला की पागेतली जनावरं दचकली आणि गौतमरावांचा पेपर हौदात पडला. त्या दिवसानंतर "चल" मला स्पष्ट ऐकू यायला लागलं.

याच सुमारास लातूरला मुलांसाठी घोडेस्वारीचा एक शो ठरला. मोठ्यांचे शो होतात, जत्रेत घोड्यांची प्रदर्शनंही होतात, पण लहान मुलांचा असा आमच्याकडं नवाच. त्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलांचा एक वेगळा गट होता. उड्याबिड्या काही नाहीत. चाल, दुडकी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण, जमिनीवर मांडलेल्या बांबूंवरून जाणं, नेमून दिलेल्या जागी थांबणं आणि परीक्षकांना सलाम. बघणाऱ्याला वाटतं, यात काय? पण घोड्याला सरळ रेषेत चालवून दाखवा, मग बोलू.

मी गौतमरावांना विचारलं. ते म्हणाले, "तिलाच विचारा." तिनं विचारलं, "बिजली?"

"बिजलीच. दुसरं कोण?"

"मग हाव."

तयारी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात पोरगी पडली. रस्त्यानं एक वरात चालली होती, बाजा वाजत होता. बिजली दुडकीत होती. बाजा ऐकून तिथंच थांबली, मान वर, पुढचे पाय वर. संघमित्रा खांद्यावरून घसरून खाली. गौतमराव पेपर टाकून धावले. ती स्वतःच उठली. कपाळाला माती, कोपर सोललेलं. रडली नाही, चिडली होती.

"तिनं सांगितलं न्हाई," मला म्हणाली.

"काय?"

"थांबणार हाय म्हणून."

"सांगितलं होतं. तू बघितलं नाहीस. कान कुठं होते तिचे?"

ही आमच्या धंद्यातली मुळाक्षरं. घोड्याचं लक्ष जिकडं, कान तिकडं. पुढचं काही करायच्या आधी कान आपल्याला कळवतात. बिजली थांबायच्या आधी तिचे कान बाहेरच्या बाजूला पडायचे, सैल, पानासारखे. तेवढ्यात पायानं पुढं काढलं तर ती थांबायची नाही. एकदा थांबली की मात्र तिला वरातीतून परत आणायला वेळ लागायचा.

मग मी रज्जाकभाईंना निरोप धाडला. ते एक ताशावाला आणि एक क्लॅरिनेटवाला घेऊन आले. लग्नसराई संपत आली होती, माणसं रिकामीच होती. हौदापाशी उभं राहून त्यांनी नवरदेव निघतानाची सगळी गाणी वाजवली आणि संघमित्रा गोल गोल फिरत राहिली. कान पडले की पाय, कान पडले की "चल!" रज्जाकभाई म्हणाले, "वस्ताद, आम्ही हिला थांबायला शिकवलं, तुम्ही पैसे न देता विसरायला लावून राहिले." असे चार-पाच रविवार गेले. शेवटी बाजा वाजत असतानाही घोडी सरळ चालायला लागली. कान तेवढे एकदा हलायचे.

शोच्या आदल्या दिवशी घोडी धुतली, आयाळ विंचरली, खुरांना तेल लावलं. संघमित्राची पांढरी पँट नांदेडच्या टेलरनं शिवली होती. त्यानं घोडेस्वारीची पँट कधी पाहिलेली नसावी, ती लेंग्यासारखी झाली. बूट होते, हेल्मेट होतं, म्हणून बिघडलं नाही. पहाटे टेम्पो आला. घोडे टेम्पोत चढवणं म्हणजे भल्याभल्यांचा घाम. बिजली फळीवरून स्वतःहून चढली, वऱ्हाडातल्या पाहुणीसारखी.

लातूरचं मैदान मोठं होतं, चुन्याच्या रेघा, मंडप, खुर्च्या. बाकीची बरीच मुलं तिथल्याच एका मोठ्या घोडेपालकाकडं शिकणारी. मारवाडी घोडे, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, कातडी आरशासारखी. आमची घोडी त्यांच्यात लग्नाला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखी दिसत होती. परीक्षक पुण्याकडच्या एक बाई होत्या, बारीक, उन्हानं रापलेल्या. सकाळीच त्यांनी नियम वाचून दाखवले. एक नियम असा की स्वार मैदानात असताना कुणी कुणाला काही सांगायचं नाही. बाहेरून नाही, आतूनही नाही. सांगितलं तर गुण कापले जातील.

आम्ही बाज्याची तयारी केली होती आणि तिथं बाजाच नव्हता. बाईंनी माईकही बंद ठेवायला लावला होता. सगळं मैदान चिडीचूप. बिजलीला एवढी माणसं आणि एवढी शांतता एकत्र पाहायची सवय नव्हती. ती आत गेली आणि मोठ्यानं खिंकाळली. लोक हसले. मी मनात म्हटलं, आता गेलं. पण संघमित्रानं पाय लावला आणि घोडी निघाली. चाल छान, दुडकी साधी पण एकसारखी, आठचा आकडा गोल, बांबूंवर एकही खूर आपटला नाही. ठरलेल्या जागी थांबली. सलाम केला तेव्हा लेंग्यासारखी पँट वाऱ्यानं फुगली होती.

शेवटच्या चौघांत तिचं नाव आलं. गौतमराव माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला आणि सोडलाच नाही.

मग बाईंनी सांगितलं की चौघांचं काम जवळजवळ सारखं आहे, म्हणून घोडेबदल होईल. म्हणजे यानं त्याच्या घोड्यावर बसायचं, त्यानं याच्या. घोडा चांगला की स्वार चांगला, हे त्याशिवाय कळत नाही. मोठ्यांच्या स्पर्धांत हे होतं. मुलांच्या पहिल्याच शोमध्ये होईल असं मला वाटलं नव्हतं.

अथर्व नावाचा मुलगा होता, संघमित्राच्याच वयाचा, लातूरचा. त्याचा घोडा सुलतान, उंच, काळा. आधीच्या फेरीत तोच सगळ्यांत उठून दिसला होता. संघमित्राच्या वाट्याला सुलतान आला आणि अथर्वच्या वाट्याला बिजली. या वेळी चौघंही एकदमच मैदानात उतरणार होते.

संघमित्राला रिकिबीत पाय पोचेना, कुणीतरी उचलून बसवलं. सुलतान तेज होता. पहिल्या वळणाला त्यानं मान झटकली. तिनं ओढलं नाही, बसून राहिली आणि "चल" म्हणाली. एका फेरीत तो तिच्या पायाला उत्तर द्यायला लागला. तिला एवढ्या मोठ्या घोड्यावर मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती वेगळीच कुणीतरी वाटत होती.

तिकडं अथर्वचं वाईट चाललं होतं. सुलतानला घट्ट लगामाची सवय, मुलानं तसाच धरला. बिजली थांबली. त्यानं टाच मारली आणि लगाम आणखी आखडला. घोडीनं मान वर घेतली, पाय उचलले, थयथय सुरू केली. खुर्च्यांवरून कुणीतरी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, "नवरदेव आला!" लोक हसायला लागले. मुलगा लाल झाला आणि आणखी ओढायला लागला. बिजलीच्या तोंडाला फेस आला.

मला बरं वाटलं. संघमित्रा पहिली येणार हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. तिनं फक्त आपली फेरी पुरी करायची होती.

ती वळणावर होती. तिनं सुलतानला थांबवलं आणि मैदानाच्या त्या टोकावरून ओरडली, "लगाम सोड! सोड पूर्ण! ती धरलं की थांबती, सोडलं की चालती!"

बाईंनी कागदावरून मान वर केली. अथर्वनं तिच्याकडं पाहिलं, मग हात पुढं टाकले. लगाम लोंबायला लागला. बिजलीनं मान खाली घेतली, नाक फुरफुरलं आणि चालायला लागली. पोरगं हुशार होतं, पुन्हा त्यानं लगामाला हात लावला नाही. फेरी उत्तम पुरी केली.

निकाल नियमाप्रमाणे लागला. अथर्व दुसरा, संघमित्रा चौथी. बाईंनी तिला बोलावून सांगितलं, "तुझी फेरी आजची सर्वांत चांगली होती. पण नियम सकाळी वाचले होते." ती म्हणाली, "हाव, ऐकले होते." मग आयोजकांपैकी एकानं माईक घेतला आणि खिलाडूवृत्तीवर बराच वेळ बोलला. या मुलीनं प्रतिस्पर्ध्याला हात दिला, हीच खरी जीत वगैरे. टाळ्या झाल्या. तिला पुष्पगुच्छ मिळाला. तो तिनं बापाकडं दिला आणि घोडीकडं गेली.

आम्ही बिजलीचं खोगीर उतरवत होतो तेव्हा अथर्व आला, हातात गुळाचा खडा.

"थँक्यू," तो म्हणाला. "तू नसतं सांगितलं तर मी शेवटचा आलो असतो."

"मी तुझ्यासाठी न्हाई सांगितलं."

"मग?"

"तू तिचं तोंड फाडून राहिला होतास." तिनं घोडीचा ओठ बोटानं वर करून दाखवला. जुन्या वणाशेजारी ताजं लाल झालं होतं. "हे बघ."

मुलानं वाकून वण पाहिला. मग हळूच विचारलं, "गूळ देऊ का तिला?" संघमित्रा म्हणाली, "तळहात सपाट ठेव. न्हाई तर चावती."

लोक मला म्हणतात, त्या वेळी तुम्हाला अभिमान वाटला असेल. वाटला. पण वस्ताद म्हणून विचाराल तर मला आजही वाटतं, तिनं गप्प बसायला हवं होतं. एका फेरीत घोडीचं तोंड काही तुटत नव्हतं. चार दिवस हळद-तूप लावून बरं झालं असतं, झालंही. पहिला शो एकदाच येतो. हे मी तिला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तिनं माझ्याकडं कसं पाहिलं असतं, याचा अंदाज आहे.

परतताना मी ड्रायव्हरशेजारी बसायचं सोडून मागं, घोडीपाशी बसलो. गौतमरावही मागं आले. संघमित्रा कडब्याच्या पेंढ्यांना टेकून अहमदपूरच्या आधीच झोपली, बूट पायातच. बिजली तिच्या डोक्यावर मान खाली घालून उभी होती.

अहमदपूर मागं पडलं. मग गौतमराव म्हणाले, "चाचा, माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात आम्ही घोडी आणली होती. गावात आमच्यातलं कुणी घोड्यावर बसलं नव्हतं तोवर. तो शिकलेला, नोकरीचा. म्हणला, मी बसणार."

मी बिजलीच्या पुढ्यात थोडा कडबा सारला.

"वेशीपाशी माणसं उभी होती. भांडण न्हाई झालं. ते म्हणले, पुढं मंदिर हाय, उतरून घ्या. वडील म्हणले, लग्नाचा दिवस हाय, उतर. भाऊ उतरला. पायी गेलो सगळे. बाजा पण बंद केला. घोडीवाला दुसऱ्या गावचा होता. त्याला काही कळंना. तो बिचारा रिकामी घोडी घेऊन आमच्या मागं मागं चालत आला, मांडवापर्यंत. मी लहान होतो. मी सारखा मागं वळून त्या घोडीकडंच बघायचो. तिच्यावर झूल तशीच होती."

टेम्पो खड्ड्यातून गेला. संघमित्राचं डोकं पेंढीवरून घसरलं. गौतमरावांनी हात पुढं करून ते सावरलं, पण ती जागी झाली नाही.

"हिला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिला कशाला सांगू? तिला घोडा म्हणजे घोडा वाटू दे."